सिक्युरिटी पॅनल सारखं रिस्टार्ट होतंय? बॅटरी बदलण्याआधी त्याच्या २३० व्होल्टचा माग काढा

सोसायटी असो, शाळा असो की छोटं गोडाऊन, तक्रार साधारण एकाच साच्यातली येते. लॉबीतलं किंवा गेट केबिनमधलं सिक्युरिटी पॅनल, म्हणजे अलार्म, कीपॅड आणि दारांची लॉकं चालवणारी पेटी, मधूनच बंद पडतं आणि आपलं आपण चालू होतं. कीपॅड बीप करत राहतो, घड्याळ भलतीच तारीख दाखवतं, दाराचं मॅग्नेटिक लॉक रात्री कधीतरी सुटतं. एएमसीवाला (वार्षिक देखभालीचा माणूस) येतो, बॅटरी बदलतो, आणि काही महिने सगळं सुरळीत चालतं. मग पुन्हा तोच प्रकार, पुन्हा नवी बॅटरी, पुन्हा बिल.

चांगल्या प्रतीची १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-तासांची) सीलबंद बॅटरी पॅनलमध्ये सहज तीन वर्षं टिकायला हवी. ती वर्षाच्या आत पुन्हा मेली, तर तिसरी विकत घेऊ नका. दोष बॅटरीच्या आधी कुठेतरी आहे: डीबीपासून (वीज वाटून देणाऱ्या स्विचच्या पेटीपासून) पॅनलपर्यंतच्या वायरीत, अर्थिंगमध्ये, किंवा पॅनलवर लादलेल्या लोडमध्ये. तो शोधायचा कसा आणि पुरवठा पुन्हा नीट जोडायचा कसा, ते खाली लिहितो.

हात लावण्याआधी

२३० व्होल्टच्या बाजूचं काम परवानाधारक वायरमन किंवा इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडूनच करून घ्यायचं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांचंही तेच सांगणं आहे, आणि नियम नसता तरी मी हेच सांगितलं असतं. कॅमेरे बसवणाऱ्या मुलांना १२ व्होल्टची सवय असते, त्याच सहजतेने ती मेन वायरीला हात घालतात. कमिटीच्या सेक्रेटरींनी आणि सुपरवायझरनी स्वतः करायचं ते इतकंच: निरीक्षण, नोंद, आणि काम करणाऱ्याला योग्य प्रश्न विचारणं. पॅनलची पेटी उघडून टर्मिनलला हात लावायचं काम तुमचं नाही.

काम करणाऱ्यांसाठी क्रम असा. आधी मॉनिटरिंग (अलार्मवर लांबून लक्ष ठेवणारी सेवा) असेल तिथे फोन करून सिस्टम टेस्टवर टाकायची आणि सुरक्षारक्षकाला सांगायचं. मग डीबीमधला एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) खाली करून त्याला लॉक लावायचं. लॉक नसेल तर टेप मारून पाटी अडकवायची आणि एक माणूस तिथे उभा करायचा, कारण मीटर रूममध्ये कोणीतरी येऊन ‘अरे, हा का बंद आहे?’ म्हणून एमसीबी वर करणं ही आपल्याकडची रोजची गोष्ट आहे. त्यानंतर पॅनलमधली बॅटरी सोडवायची. मेन बंद आणि बॅटरी जोडलेली असेल तर बोर्ड जिवंतच असतो. ही एवढीशी बॅटरी शॉर्ट झाली तर क्षणभर शेकडो अँपिअर देऊ शकते, तेव्हा हातातली अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवायचं.

पुरवठा खरंच गेला आहे का, हे निऑन टेस्टरवर ठरवायचं नाही. टेस्टर लागला नाही याचा अर्थ वायर मेलेली आहे असा होत नाही. टेस्टरमधला निऑन दिवा खराब असेल, किंवा तुम्ही कोरड्या लाकडी स्टुलावर उभे असाल, तरी तो लागत नाही. मल्टिमीटर आधी एखाद्या चालू सॉकेटवर लावून बघा, मग पॅनलच्या टर्मिनलवर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ असं तिन्ही मोजा, आणि पुन्हा त्याच चालू सॉकेटवर लावून मीटर ठीक असल्याची खात्री करा. शिवाय पेटीतल्या एसएमपीएसच्या (२३० व्होल्टवरून कमी व्होल्टचं डीसी करून देणाऱ्या भागाच्या) मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी साठलेलं असतं आणि मेन काढल्यावरही ते थोडा वेळ टिकतं. एसएमपीएसचं झाकण उघडायची गरज जवळपास कधीच पडत नाही. बिघडला तर पूर्ण बदलावा.

आधी पॅनललाच विचारा

प्रत्येक बऱ्या पॅनलमध्ये घटनांची नोंद असते. तिथे ‘एसी फेल’ (२३० व्होल्टचा पुरवठा गेला), ‘एसी रिस्टोअर’ (तो परत आला), ‘लो बॅटरी’ कोणत्या वेळी लागलं, ते आठवडाभराचं कागदावर उतरवून घ्या. शेजारी लिफ्टमनकडून किंवा वॉचमनकडून लाईट कधी गेली, जनरेटर कधी लागला, पाण्याचा पंप कधी चालू होतो, याच्या वेळा लिहा. हे दोन रकाने शेजारी ठेवले की निम्मा शोध तिथेच लागतो. बिल्डिंगमध्ये लाईट असताना पॅनल ‘एसी फेल’ म्हणत असेल, तर गडबड डीबी ते पॅनल या पट्ट्यात आहे. पंप सुरू होण्याच्या वेळेला पॅनल झटका खात असेल, तर ते पंपाच्याच फेजवर आहे किंवा न्यूट्रल कुठेतरी सैल आहे. ‘एसी फेल’ नाहीच आणि नुसतं रिस्टार्ट आहे, तर १२ व्होल्टच्या बाजूला जा.

एक खबरदारी घ्या: अनेक पॅनलमध्ये ‘एसी फेल’ कळवायला काही मिनिटांचा विलंब मुद्दाम लावलेला असतो, म्हणजे लहानसहान खंडित पुरवठ्यावर मॉनिटरिंगला फोन जाऊ नये. अशा वेळी छोटे धक्के नोंदीत दिसत नाहीत. मग कीपॅडवरच्या एसीच्या दिव्याकडे लक्ष ठेवायला माणसाला सांगावं लागतं.

माणसाला विचारणं फार मोलाचं आहे. पुण्याच्या एका उपनगरातल्या सोसायटीत गेट केबिनमधलं पॅनल भर दुपारनंतर, चार-साडेचारच्या सुमारास, रिस्टार्ट होत राहायचं. उन्हाळ्यात त्रास जास्त, हिवाळ्यात कमी. सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं की पत्र्याच्या केबिनमध्ये उन्हाने बोर्ड तापतो. केबिनला पंखा लावला, पॅनलच्या पेटीला भोकं पाडली, बॅटऱ्या तर बदलतच होते. तिथल्या वॉचमनकाकांनी एक वाक्य सांगितलं, ‘पाऊस असला, आभाळ भरून आलं, की दिवसभर काही त्रास देत नाही बघा हे.’

उष्णता कमी म्हणून त्रास कमी, असं त्यावरून वाटेल. पण केबिनमागे वळून वायरीचा माग काढला तेव्हा ती जमिनीखालून येणाऱ्या कंपाउंड लाईटच्या केबलला जोडलेली निघाली. बिल्डिंग बांधताना केबिन नव्हती. नंतर केबिन आली, तिला लाईट हवी होती, जवळचा खांब दिसला आणि तिथूनच जॉइंट मारून घेतला. कंपाउंड लाईट डे-नाईट सेन्सरवर. सूर्य वर आला की सेन्सर लाईन बंद करणार, आणि पॅनल संध्याकाळपर्यंत बॅटरीवर. काळोखी आली की सेन्सर दिवे लावायचा आणि पॅनललाही पुरवठा मिळायचा. मे महिन्यात दिवस मोठा म्हणून त्रास जास्त, डिसेंबरात लहान म्हणून कमी. कीपॅडवर बिघाडाचा पिवळा त्रिकोण रोज लागत होता, पण तो बटण दाबून गप्प करायची सवय झाली होती.

आकडा मांडला की चित्र स्पष्ट होतं. बोर्ड, कीपॅड, दोन कार्ड रीडर आणि कंपाउंडचे बीम सेन्सर मिळून ०.४५ अँपिअर घेत होते. बारा तासांचे झाले ५.४ अँपिअर-तास. ७ एएचची नवी बॅटरी हे जेमतेम निभावते. पण ७ एएच हा आकडा वीस तासांच्या संथ वापराचा असतो, आणि ही बॅटरी रोज पाऊण रिकामी होण्यासाठी बनवलेली नसते. काही महिन्यांत तिची क्षमता उतरते आणि दुपारी चारला ती १०.५ व्होल्टवर येते. पॅनल तिला लोडपासून तोडतं. लोड सुटला की बॅटरीचा व्होल्टेज जरा वर चढतो, पॅनल पुन्हा चालू होतं, लोड बसतो, पुन्हा खाली. ‘सारखं रिस्टार्ट’ म्हणतात ते हेच. तिथे बॅटरीला, बोर्डाला, उन्हाला कशालाच दोष नव्हता. पुरवठा चुकीच्या जागेवरून घेतला होता, एवढंच.

वायर शेवटपर्यंत पाहा

म्हणून पॅनलपासून निघून डीबीपर्यंत वायर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढचं काही करू नका. वाटेत सहसा काय सापडतं? टेबलाखालचा एक्स्टेंशन बोर्ड, त्यावर पॅनल, मोबाईलचे चार्जर आणि चहाची इलेक्ट्रिक किटली. १५०० वॅटची किटली साडेसहा अँपिअर घेते, सॉकेट ६ अँपिअरचं. अशा ठिकाणी पॅनलचा प्लग उपसून त्याच्या पिना निरखून पाहा. एका पिनेला तांबूस-काळी झाक आलेली असते, तिच्याभोवतीचं प्लॅस्टिक किंचित वितळून फुगलेलं असतं, आणि सॉकेटच्या भोकापाशी नख लावलं तर भुसभुशीत कण निघतात. तिथे संपर्क सैल आहे. किटली चालू झाली की तिथे ठिणगी पडते, एसएमपीएसला क्षणाक्षणाला पुरवठा तुटतो, आणि ती जागा कधीतरी पेट घेऊ शकते. एवढं दिसलं की तो प्लग परत लावायचा नाही.

डीबीपाशी पोचल्यावर वायरमनकडून लोड चालू असताना तीन आकडे घ्या. फेज-न्यूट्रल साधारण २३०. फेज-अर्थही जवळपास तेवढंच. न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्टच्या आत. न्यूट्रल-अर्थमध्ये दहा-पंधरा व्होल्ट दिसले किंवा आकडा नाचत असेल, तर न्यूट्रल सैल आहे. हे गंभीर आहे. तीन फेजच्या बिल्डिंगमध्ये मुख्य न्यूट्रल तुटला तर काही घरांत दिवे मंद होतात आणि काहींत एकदम भगभगीत, कारण तिथे २३० च्या जागी तीनशे-साडेतीनशे व्होल्ट जाऊ लागतात. पॅनलचा एसएमपीएस, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, लोकांचे टीव्ही सगळं एका झटक्यात जातं. दिवे असे कमी-जास्त होताना दिसले तर आधी मेन बंद करा, मग महावितरणला किंवा तुमच्या वीज कंपनीला कळवा.

आता रंगांबद्दल, कारण इथे जीव जाऊ शकतो. आपल्या जुन्या वायरिंगमध्ये तीन फेज लाल, पिवळी, निळी, न्यूट्रल काळी आणि अर्थ हिरवी. बाहेरून आलेल्या उपकरणाच्या केबलमध्ये फेज तपकिरी, न्यूट्रल निळी, अर्थ हिरवी-पिवळी. म्हणजे एकाच पेटीत निळी वायर एकीकडे न्यूट्रल असू शकते आणि दुसरीकडे जिवंत बी-फेज (निळी फेज). ‘निळीला निळी’ जोडली की बी-फेज थेट पॅनलच्या न्यूट्रलवर. दुसऱ्या टोकाला फेज असेल तर पॅनलवर ४०० व्होल्ट येतात, आणि न्यूट्रल असेल तर पॅनल चालतं, पण त्याचा फ्यूज आणि स्विच चुकीच्या बाजूला राहतात. स्विच बंद करूनही बोर्ड जिवंत. रंगावर विश्वास ठेवू नका. मोजा, आणि मोजल्यावर दोन्ही टोकांना नंबरची फेरूल (वायरीवर बसणारी छोटी नळी) चढवा.

पेटीला हात लावला की झिणझिण्या येतात

ही तक्रार लोक हसण्यावारी नेतात. नेऊ नये. एसएमपीएसमध्ये गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून पेटीकडे छोटे कपॅसिटर असतात. पेटीला अर्थ नसेल तर त्यांच्यामुळे पेटीवर साधारण निम्मा व्होल्टेज, शंभर-सव्वाशे व्होल्ट, दिसतो. प्रवाह अगदी थोडा असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात. पण त्याचा अर्थ एकच: या पेटीला अर्थ पोचलेला नाही. उद्या आतली फेजची वायर निसटून पत्र्याला लागली, तर पेटी पूर्ण जिवंत होईल आणि कोणताही एमसीबी ट्रिप होणार नाही.

उपाय अर्थ शोधून नीट जोडणं, एवढाच. न्यूट्रलला अर्थ म्हणून पेटीला जोडायचा ‘जुगाड’ काही ठिकाणी दिसतो. तो लगेच काढा. न्यूट्रल तुटला की त्याच पेटीवर २३० व्होल्ट येतात. पाण्याच्या पाईपला अर्थ बांधणंही नको, आता बहुतेक पाईप प्लॅस्टिकचे आहेत. पेटीच्या दरवाजालाही वेगळी हिरवी वायर हवी. बिजागरी रंगवलेली असते, तिच्यावर भरवसा नाही. आणि अर्थची वायर पेटीत इतरांपेक्षा थोडी लांब सोडा, म्हणजे केबल ओढली गेली तर सगळ्यात शेवटी ती सुटेल.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. पॅनलच्या बोर्डावर अर्थचं वेगळं टर्मिनल असतं आणि १२ व्होल्टच्या मायनसचं वेगळं. मॅन्युअलमध्ये सांगितल्याखेरीज ते दोन एकमेकांना जोडू नयेत. मायनस दोन-तीन ठिकाणी अर्थला टेकला की सेन्सरच्या लांब वायरींतून नको ते प्रवाह फिरतात, खोटे अलार्म येतात, आणि काही पॅनल ‘ग्राउंड फॉल्ट’ दाखवत राहतात.

पुरवठा कसा असावा

कॉमन एरियाच्या डीबीमधून, जनरेटर चेंजओव्हरच्या पुढच्या बाजूने (म्हणजे जनरेटरवरही पॅनल चालेल असं), फक्त पॅनलसाठी एक सर्किट. ६ अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी पुरतो. सी-कर्व्ह अशासाठी, की एसएमपीएस चालू होताना क्षणभर जास्त प्रवाह ओढतो. त्याच सर्किटला स्वतःचं ३० मिलिअँपिअरचं गळतीसंरक्षण, म्हणजे आरसीसीबी, द्या. पॅनल, डीव्हीआर, चार कॉम्प्युटर आणि लॉबीचे एलईडी असे सगळे एकाच आरसीसीबीवर ठेवले तर प्रत्येकाची थोडी थोडी गळती मिळून तो कधीही ट्रिप होतो. मग कोणीतरी वैतागून आरसीसीबीच बायपास करतो. तसं करण्याची वेळच येऊ देऊ नका.

वायर १.५ चौरस मिलिमीटर तांब्याची, तीन कोअर, पाईपमधून. गेट केबिन लांब असेल आणि केबल जमिनीखालून जात असेल तर आर्मर्ड (धातूच्या कवचाची) घ्या, आणि व्होल्टेज ड्रॉपचा हिशेब करून जाडी ठरवा. डीबीत सर्ज प्रोटेक्टर बसवा. आपल्याकडे मेच्या वळवात आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात विजा कडाडतात, तेव्हा गेटपर्यंत पसरलेल्या लांब वायरी हाच त्यांचा रस्ता होतो.

पॅनलजवळ प्लग-सॉकेट नको. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा डबल पोल आयसोलेटर पेटीजवळ, उंचावर, ‘सिक्युरिटी पॅनल – बंद करू नये’ अशी पाटी लावून. झाडलोट करणाऱ्या मावशींचा हात चुकून लागेल अशा जागी तो नसावा.

पेटीत मेनची केबल एका कोपऱ्यातून, आणि सेन्सर-कीपॅडच्या बारीक वायरी दुसऱ्या बाजूने. एकाच पाईपमधून दोन्ही नेऊ नका. पत्र्याच्या भोकाला ग्रोमेट (रबरी कडं) किंवा ग्लँड (केबल आवळून धरणारं बूच) हवाच. कापलेली पत्र्याची कड वर्षभराच्या कंपनाने वायरीचं इन्सुलेशन कापते. टर्मिनलमध्ये घालायच्या तारांना क्रिंपची फेरूल (दाबून बसवायची धातूची टोपी) लावा. काही जण तारांवर शिसं ओतून घट्ट करतात, पण स्क्रूखाली शिसं हळूहळू दबतं आणि काही महिन्यांनी जॉइंट सैल होतो. पेटीतला काचेचा फ्यूज उडाला तर त्याच रेटिंगचा लावा. त्यावर चांदीचा कागद (फॉइल) किंवा तांब्याची तार गुंडाळलेली दिसली तर त्या पॅनलचं बाकीचं कामही संशयाने तपासा.

फायर अलार्मचं पॅनल शेजारीच असेल तर त्याच्या सर्किटमधून सिक्युरिटी पॅनलला वायर ओढू नका. ते वेगळं, स्वतंत्र राहायला हवं. महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक अधिनियमाखाली परवानाधारक एजन्सी वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, त्या यंत्रणेचा दाखला देते. त्यात काही बदल करायचा तर त्यांच्यामार्फतच.

इन्व्हर्टरवर पॅनल टाकायचं असेल तर तो साईन वेव्ह असू द्या. स्क्वेअर वेव्हवर ट्रान्सफॉर्मरवाली पॅनलं गुणगुणतात आणि तापतात.

मेन ठीक आहे, तरी रिस्टार्ट होतं

आता १२ व्होल्टच्या बाजूला या. पॅनलच्या ऑक्झिलरी आउटपुटवर (बाकीच्या उपकरणांना १२ व्होल्ट देणाऱ्या टर्मिनलवर) किती प्रवाह मिळतो ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, बऱ्याच लहान पॅनलमध्ये तो अर्धा ते एक अँपिअरच असतो. त्यावर कीपॅड, सेन्सर, रीडर आधीच असतात, आणि वर कोणीतरी मॅग्नेटिक लॉक चढवतो. २८० किलोचं एक लॉक १२ व्होल्टवर अर्धा अँपिअर सतत घेतं. दोन दारं म्हणजे एक अँपिअर. लॉकसाठी बॅटरीसह वेगळा पॉवर सप्लाय लावा. यात तडजोड करू नका.

लॉकपर्यंतची वायर हा दुसरा मुद्दा. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला सुमारे ३९ ओहम. दार ४० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ८० मीटर, म्हणजे तीन ओहम. एक अँपिअर वाहिला की वायरीतच तीन व्होल्ट गेले, लॉकला मिळाले नऊ. उंच टाकीवरून बारीक पाईपने शेवटच्या नळाला करंगळीएवढी धार यावी, तसं हे. लॉक धरतं पण ढिलं, जोर लावला की दार उघडतं. तीच वायर १.५ चौरस मिलिमीटरची केली की तूट एका व्होल्टवर येते. कॅट-६ (नेटवर्कच्या) केबलची एक जोडी तर याहून कितीतरी बारीक असते, आणि बाजारातली स्वस्त केबल अनेकदा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते. डेटा तिच्यावर जाऊ द्या, लॉकची पॉवर नको.

लॉक सोडताना पॅनल रिस्टार्ट होत असेल तर लॉकच्या टर्मिनलवर डायोड आहे का पाहा. कॉइलचा प्रवाह तोडला की उलट दिशेने मोठा व्होल्टेज उसळतो आणि तो रिलेमार्गे बोर्डावर येतो. १एन४००७ हा साधा, दोन-तीन रुपयांचा डायोड, चांदीरंगाच्या पट्टीची बाजू प्लसकडे ठेवून, लॉकच्याच टोकाला लावायचा. पॅनलच्या टोकाला लावला तर मधल्या लांब वायरीवर ती उसळी तशीच राहते. बऱ्याच लॉकमध्ये तो आतच असतो, मॅन्युअल पाहून घ्या.

कोकणात आणि गोव्यात आणखी एक कारण असतं: खारी दमट हवा. टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर चढतो. आणि पाली सगळीकडेच, पॅनलच्या उबेला पेटीत शिरतात आणि टर्मिनलवर आडव्या पडून शॉर्ट करतात. पेटीची न वापरलेली भोकं रबरी बुचांनी बंद करा. वायुवीजनासाठी पाडलेल्या भोकांना बारीक जाळी लावा.

मग बॅटरी

एवढं झाल्यावरच बॅटरीकडे वळायचं. मेन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर १३.५ ते १३.८ व्होल्ट दिसले तर चार्जर ठीक. १४.५ च्या वर असेल तर चार्जर बॅटरी उकळतोय, ती फुगेल. १३ च्या खाली अडकला असेल तर चार्जर कमी पडतोय किंवा बॅटरीचा एखादा सेल शॉर्ट आहे. मेन बंद करून लोडवर अर्धा तास चालू द्या आणि दर दहा मिनिटांनी आकडा लिहा. निरोगी बॅटरी हळूहळू बाराच्या आसपास येते, मेलेली काही मिनिटांत अकराखाली कोसळते. उष्णता तिची आयुमर्यादा झपाट्याने कमी करते, आठ-दहा अंश तापमान वाढलं की आयुष्य जवळपास निम्मं. म्हणून पत्र्याच्या केबिनमध्ये पॅनल पश्चिमेच्या भिंतीला लावू नका. लग (बॅटरीच्या टॅबवर बसणाऱ्या वायरीच्या क्लिपा) सैल नाहीत ना ते बघा. रुंद लग अरुंद टॅबवर कोंबलेला असतो, तो हलतो. जुनी आणि नवी बॅटरी समांतर जोडू नका, आणि बंद पेटीत स्कूटरची बॅटरी बसवू नका, तिच्यातून हायड्रोजन निघतो.

परत चालू करताना

बहुतेक पॅनलचा क्रम आधी मेन, मग बॅटरी असा असतो, तरी तुमच्या पॅनलचं मॅन्युअल पाहा. चालू करण्याआधी टर्मिनलवरचे सगळे स्क्रू एकदा आवळा, अर्थची सलगता पेटीच्या दरवाजापर्यंत मीटरने तपासा, आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून तो पडतो याची खात्री करा. मेन आल्यावर पॅनलच्या टर्मिनलवर पुन्हा तिन्ही आकडे घ्या. बॅटरी जोडा. मग डीबीतून एमसीबी पाडून पाहा: पॅनल न अडखळता बॅटरीवर गेलं पाहिजे. शक्य असेल तर जनरेटर चेंजओव्हर प्रत्यक्ष करायला लावा, कारण त्या काही सेकंदांच्या खंडातच बहुतेक पॅनल उघडी पडतात.

शेवटी बाहेर पडण्याचं दार. आतल्या बाजूचं हिरवं इमर्जन्सी बटण दाबल्यावर लॉकची वायर थेट तुटली पाहिजे, पॅनलच्या प्रोग्रॅमची वाट न बघता. मेन आणि बॅटरी दोन्ही काढून घेतल्यावरही लोकांना दार हाताने ढकलून बाहेर पडता आलं पाहिजे. ही चाचणी कमिटीच्या एका सदस्यासमोर करा. तारीख, मोजलेले व्होल्टेज, लोडचा एकूण प्रवाह, बॅटरी टाकल्याचा महिना आणि पुरवठा कोणत्या डीबीतल्या कोणत्या एमसीबीवरून येतो ते एका कागदावर लिहून पेटीच्या दरवाजाला आतून चिकटवा, म्हणजे पुढच्या वेळी येणाऱ्याला वायरीचा माग पहिल्यापासून काढावा लागणार नाही.